कॅन्टनचं प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेम: एका पुतळ्यासाठी गेलो, दिवसभर राहिलो

आधी निकाल सांगून टाकते, पाचपैकी पाच स्टार. ओहायोत किंवा जवळपास राहणाऱ्या मराठी लोकांनी भारतातून आलेल्या आईबाबांना नायगरा दाखवून झाला की पुढचा नंबर कॅन्टनच्या या म्युझियमचा लावावा, जिथं अमेरिकन फुटबॉलच्या थोर खेळाडूंचे पुतळे आहेत, असं मला अगदी मनापासून वाटतं, आणि हे मी म्हणतेय जिला तीन वर्षांपूर्वीपर्यंत टीव्हीवर हा खेळ लागला की उठून दुसऱ्या खोलीत जावंसं वाटायचं.

आमचा मोठा आता दहावीला आहे आणि शाळेच्या टीममध्ये डिफेन्सिव्ह टॅकल खेळतो. ज्यांना हे काय असतं माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, दोन्ही बाजूला अकरा-अकरा जण, ज्यांच्याकडे बॉल त्यांना चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं असतं, आणि समोरच्यांनी त्यांना सरकू द्यायचं नसतं. न सरकू देणाऱ्यांत सगळ्यात पुढे, एकदम मधोमध, जमिनीला हात टेकवून जो वाकून बसलेला असतो ना, तो डिफेन्सिव्ह टॅकल. बॉल हलला रे हलला की समोरच्या धिप्पाड माणसाला बाजूला सारून क्वार्टरबॅकपर्यंत, म्हणजे बॉल फेकणाऱ्या मुख्य खेळाडूपर्यंत पोचायचं, नाहीतर बॉल घेऊन पळणाऱ्याला तिथंच आडवं करायचं. टीव्हीवर कॅमेरा बॉलच्या मागे पळतो त्यामुळे या माणसाचं काम कुणाला दिसत नाही, दिसतो तो फक्त मातीने भरलेला. मला आई म्हणून काय दिसायचं तर डोक्यावर डोकं आपटतंय एवढंच. ती भीती आजही आहे, हे लिहिताना पण आहे, ती गेली असं मी खोटं सांगणार नाही.

तर गेल्या उन्हाळ्यात माझे बाबा आले कोल्हापूरहून, सहा महिन्यांसाठी. बाबा तरुणपणी तालमीत होते, मोठ्या मैदानापर्यंत नाही पोचले पण जत्रेच्या कुस्त्या भरपूर केल्यात, कान मोडलेले आहेत दोन्ही. पहिल्याच आठवड्यात नातवाची प्रॅक्टिस बघायला आले, मी आपली मनाशी म्हणतेय की आता बाबा ओरडणार, पोराला कसल्या खेळात घातलंयस म्हणून. बाबा कुंपणाला हात धरून वीसेक मिनिटं गप्प उभे होते, मग म्हणाले, "अगं, हे ठाण बघ की! पोरगं बरोबर ठाण मांडतंय. फक्त ढुंगण वर येतंय, ते खाली पायजे." आणि त्या दिवसापासून रोज संध्याकाळी मागच्या अंगणात दोघांचं सुरू. पोराच्या कोचने शिकवलेली एक चाल आहे, समोरच्याच्या काखेतून खालून हात घालून खांदा पुढे काढायचा आणि निसटायचं, बाबा म्हणाले ही तर आपली बगलडूब आहे रे लेका. अगदी तीच नाही म्हणा, पण अंग कुठून काढायचं आणि जोर पायातून कसा आणायचा ते तेच. जिंकतो तो खाली असतो, हे दोघांनाही वेगवेगळ्या गुरूंनी सांगितलेलं.

आता ॲलन पेज आमच्या घरात कसे आले ते सांगते, कारण त्यांच्याशिवाय हा रिव्ह्यू लिहायचं कारणच नाही. पोराला शाळेत प्रोजेक्ट होतं, ओहायोत जन्मलेल्या एका व्यक्तीवर. बाकीच्यांनी चंद्रावर गेलेले नील आर्मस्ट्राँग, विमानवाले ऑर्विल राइट असं घेतलं, याने ॲलन पेज घेतले. मी नावही ऐकलेलं नव्हतं. डिफेन्सिव्ह टॅकल होते, पुढे मिनेसोटा राज्याच्या सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश झाले, हे त्याने मला सांगितलं तेव्हा मला वाटलं दोन वेगवेगळ्या माणसांची माहिती याने एकत्र केलीय. नाही, एकच माणूस आहे.

कोलंबसहून दोन तासांच्या थोडं वर लागतात. कॅन्टन तसं छोटं शहर, एकेकाळी पोलादाचं, आणि हॉल ऑफ फेम इथंच का याचं उत्तर असं की १७ सप्टेंबर १९२० ला आज आपण जिला एनएफएल (नॅशनल फुटबॉल लीग) म्हणतो ती लीग याच गावात जन्माला आली, राल्फ हे (Ralph Hay) नावाच्या माणसाच्या गाड्यांच्या शोरूममध्ये, खुर्च्या पुरेना म्हणून काही लोक गाड्यांच्या पायरीवर बसले होते म्हणे. म्युझियम १९६३ मध्ये उघडलं. हायवेवरूनच तो घुमट दिसतो, फुटबॉलच्या आकाराचं टोक असलेला, बाबांना तो लांबून देवळाच्या कळसासारखा वाटला आणि त्यांनी चक्क हात जोडले. मी काही बोलले नाही.

आणि इथंच पोराने गाडीत सांगितलेली गोष्ट, जी ऐकून मी गाडीचा वेग कमी केला. ॲलन पेज यांचा जन्म याच गावातला, कॅन्टनचा, ७ ऑगस्ट १९४५. आणि हे हॉल ऑफ फेम बांधायला सुरुवात झाली तेव्हा हायस्कूलच्या वयातले पेज तिथं बांधकामावर काम करत होते. म्हणजे ज्या इमारतीच्या पायाचं काम केलं त्याच इमारतीत पंचवीस वर्षांनी, १९८८ ला, त्यांचा ब्राँझचा चेहरा बसला. बाबांना हे मी मराठीत सांगितलं तर ते म्हणाले, "म्हंजे पाया बी त्याचाच आणि कळस बी त्याचाच!" पुढे दहा मिनिटं कुणीच काही बोललं नाही.

आत शिरलात की पहिला भेटतो जिम थॉर्पचा मोठा पुतळा, पळताना, बॉल काखेत. हा थॉर्प म्हणजे लीगचा पहिला अध्यक्ष आणि त्याआधी १९१२ च्या ऑलिम्पिकचा सुवर्णविजेता, याच गावाच्या टीमकडून खेळायचा. तिथं सगळे फोटो काढतात, आम्हीही काढला. मग गोल चढणीवरून जुना इतिहास बघत जायचं. जुनी चामड्याची हेल्मेटं आहेत, ती बघून मला कसंतरी झालं, टोपीपेक्षा थोडी जाड एवढंच. तुम्हाला खेळाची आवड असेल तर या भागात दोन तास सहज जातील, आम्ही भरभर गेलो कारण पोराला धीर नव्हता.

पुतळ्यांचं दालन हा या जागेचा गाभारा. खरंच दुसरा शब्द नाही. अंधारलेली लांब खोली, दोन्ही बाजूला फळ्यांवर ओळीने ब्राँझचे चेहरे, प्रत्येकावर वरून छोटा प्रकाश, आणि माणसं आपोआप हळू आवाजात बोलतात, कुणी सांगावं लागत नाही. ज्या वर्षी निवड झाली त्या वर्षाप्रमाणे लावलेत. १९६३ चे पहिले सतरा, मग पुढे पुढे. आम्ही १९८८ शोधत गेलो. त्या वर्षीचे फक्त चार जण, फ्रेड बिलेटनिकॉफ, माइक डिटका, जॅक हॅम आणि ॲलन पेज.

हे चार एकत्र का बघण्यासारखे, ते मला पोराने तिथं उभं राहून समजावलं आणि मला वाटतं अख्ख्या दिवसातली ही सगळ्यात भारी पाच मिनिटं होती. पेज मिनेसोटा वायकिंग्ज या टीमकडून चार सुपर बोल, म्हणजे लीगच्या अंतिम मॅचेस, खेळले आणि चारही हरले. जानेवारी १९७५ मध्ये पिट्सबर्गकडून १६-६ ने हरले, त्या पिट्सबर्गच्या टीममध्ये जॅक हॅम होता. जानेवारी १९७७ ला ओकलंडकडून ३२-१४ ने हरले, त्या दिवशीचा सर्वोत्तम खेळाडू कोण तर फ्रेड बिलेटनिकॉफ. म्हणजे ज्यांनी मोठ्या दिवशी पाणी पाजलं त्यातले दोघं आता कायमचे शेजारी. पोरगा म्हणाला, "आई, इथे जिंकलेले-हरलेले असं काही नाहीये." मी त्याच्याकडे बघत राहिले, कारण हाच मुलगा मागच्या सीझनला एक मॅच हरल्यावर दोन दिवस जेवला नव्हता.

आता त्यांच्या खेळाबद्दल, जेवढं मला कळलं तेवढं. १९६६ ला नोत्र दाम युनिव्हर्सिटीच्या टीमने राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवलं त्यात ते होते, १९६७ ला राज्यशास्त्राची पदवी घेतली आणि त्याच वर्षी ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम आळीपाळीने कॉलेजचे खेळाडू निवडतात त्यात, पहिल्या फेरीत पंधराव्या नंबरवर वायकिंग्जने घेतलं. उंची सहा फूट चार इंच, वजन २४५ पौंड म्हणजे साधारण १११ किलो. मला १११ किलो ऐकून वाटलं केवढा हा माणूस, पण या जागेवर खेळणारे त्यांच्यापेक्षा जाड असायचे आणि त्यांचं हत्यार वजन नव्हतंच, वेग होता. बॉल हलायच्या क्षणी त्यांचं पहिलं पाऊल इतकं झटकन पडायचं की समोरचा उठून उभा राहीपर्यंत हे त्याच्या बाजूने निघालेले. जुने व्हिडिओ आहेत ऑनलाइन, धूसर आहेत पण जरूर बघा, जांभळ्या जर्सीतला ८८ नंबर शोधा आणि बॉलकडे बघूच नका. बाबांनी एकच क्लिप आठदहा वेळा लावायला लावली आणि म्हणाले हा माणूस समोरच्याला अंगच लागू देत नाही, नुसता निसटतोय.

वायकिंग्जची ती पुढची फळी, कार्ल एलर, जिम मार्शल, गॅरी लार्सन आणि पेज, यांना लोक जांभळे नरभक्षक म्हणायचे. मिनेसोटाच्या थंडीत उघड्या मैदानावर खेळायचे आणि कोच बड ग्रँट बाजूला हीटर लावू द्यायचे नाहीत. १९७१ ला तर पेजनी असं केलं जे तोपर्यंत एकाही डिफेन्सवाल्याने केलं नव्हतं, अख्ख्या लीगचा सर्वात मौल्यवान खेळाडू म्हणून असोसिएटेड प्रेसचा पुरस्कार. तो बहुतेक नेहमी क्वार्टरबॅकला नाहीतर बॉल घेऊन पळणाऱ्याला जातो. पेज यांच्यानंतर आजपर्यंत एकाच डिफेन्सवाल्याला मिळालाय, लॉरेन्स टेलरला, १९८६ ला. क्वार्टरबॅकला बॉलसकट पाडलं की त्याला सॅक म्हणतात आणि लीगने ते अधिकृतपणे मोजायला सुरुवात केली १९८२ पासून, म्हणजे पेज निवृत्त झाल्याच्या पुढच्या वर्षी. अभ्यासकांनी जुन्या नोंदी काढून मोजले तर १४८.५ भरले. पोराला हा अन्याय फार लागतो, मला मात्र दुसरा आकडा जास्त मोठा वाटतो, २१८. पंधरा सीझन, २१८ मॅचेस आणि एकही चुकवली नाही. आई असलेल्या बाईला विचारा २१८ वेळा धड घरी येणं म्हणजे काय ते.

तिथून पुढे सुपर बोलच्या दालनात अंगठ्यांचं कपाट आहे, प्रत्येक वर्षीच्या जिंकलेल्या टीमची अंगठी ओळीने. सुरुवातीच्या साध्या, बोटात घालता येतील अशा, आणि अलीकडच्या म्हणजे अक्षरशः मोदकाच्या आकाराच्या, हिरेच हिरे. गर्दी इथं सगळ्यात जास्त. आमचा पोरगा काचेला नाक लावून एकेक वर्ष वाचत होता आणि मग वळून म्हणाला, "यात त्यांची एकपण नाहीये ना." नाहीये. आणि तरी आपण मगाशी त्यांच्या पुतळ्यासमोर वीस मिनिटं उभे होतो, हे मी त्याला म्हटलं नाही, त्याला ते तसंही दिसत होतं.

एक सल्ला देते जाणाऱ्यांना. पुतळ्यात फक्त चेहरा असतो. खाली नाव. बाकीचं आयुष्य तुम्हाला घरून माहीत करून जावं लागतं, नाहीतर तीनशेच्या वर चेहरे एकसारखे वाटायला लागतात आणि पाय दुखायला लागतात. एखादा माणूस निवडा, त्याच्याबद्दल आधी वाचा, मग जा. आम्ही तेच केलं म्हणून आम्हाला दिवस पुरला नाही.

पेज यांचं मैदानाबाहेरचं जे आहे ते मी बाबांना कॅफेटेरियात बसून सांगितलं, सगळ्यांसाठी बर्गर घेतला होता पण बाबांनी घरून आणलेला भडंगाचा डबाच उघडला. या माणसाने लहानपणीच ठरवलेलं की वकील व्हायचं. कॅन्टनमध्ये काळ्या पोराला समोर दिसायचं काय, तर पोलादाच्या भट्ट्या, तिथं जन्मभर राबायचं. १९५४ ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने शाळांमधला वर्णभेद बेकायदेशीर ठरवला तेव्हा हे आठनऊ वर्षांचे, पेपरात वाचलं आणि कायद्यात केवढी ताकद आहे ते कुठंतरी आत जाऊन बसलं. हे तेरा वर्षांचे असताना आई गेली. मग फुटबॉल आला, पैसा आला, नाव आलं, पण ते डोक्यातून गेलं नाही. खेळायला लागल्यावर एकदा लॉ कॉलेजात नाव घातलं, तीन आठवड्यांत सोडून दिलं, जमेना. आणि मग काही वर्षांनी परत गेले, युनिव्हर्सिटी ऑफ मिनेसोटात, आणि वायकिंग्जकडून खेळता खेळता १९७८ ला कायद्याची पदवी घेतली. त्या तीन आठवड्यांच्या गोष्टीवर माझा सगळ्यात जास्त जीव आहे. आपण मोठ्या माणसांच्या गोष्टी सांगताना हा भाग गाळतो ना, पहिल्यांदा जमलं नव्हतं हा.

त्याच १९७८ मध्ये त्यांना टीमने काढलं पण. कारण वजन. बायकोला, डायनला, सिगरेट सोडायची होती म्हणून ती पळायला लागली, तिच्याबरोबर हे लागले, आणि पळता पळता हे इतके बारीक झाले की कोचला वाटलं आता हा या जागेवर टिकणार नाही. शिकागो बेअर्सने त्यांना शंभर डॉलरच्या फीवर उचललं. शंभर डॉलर! लीगचा सर्वोत्तम ठरलेला माणूस. आणि बेअर्सकडे ते आणखी चार सीझन खेळले, ८२ नंबर घालून, १९८१ पर्यंत, आणि मधल्या काळात १९७९ ला अख्खी मॅरेथॉन पूर्ण केली, लीगमध्ये खेळत असताना असं करणारे ते पहिले. बाबा इथं खूष झाले, म्हणाले दम पायजे, वजनाचं काय घिऊन बसलात, दम असला की वजनवाला पाचव्या मिनिटाला तोंडाने श्वास घ्यायला लागतो.

मग वकिली, मग सरकारी वकिली, आणि मग कोर्ट. इथं एक भारी गोष्ट आहे जी पोराच्या प्रोजेक्टमध्ये पूर्ण पानभर होती. मिनेसोटात सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश निवडणुकीने येतात. १९९२ ला पेजना उभं राहायचं होतं तर गव्हर्नरने एका न्यायाधीशांची मुदत वाढवली आणि ती निवडणूकच रद्द झाली. पेज कोर्टात गेले. ज्या कोर्टात बसायचंय त्याच कोर्टात दाद मागितली. तिथल्या न्यायाधीशांनी स्वतःच्या सहकाऱ्याचा विषय म्हणून बाजूला होऊन बदली न्यायाधीश बसवले, आणि निकाल पेजच्या बाजूने लागला, निवडणूक झाली, ते जिंकले. जानेवारी १९९३ पासून २०१५ पर्यंत, सत्तर वर्षं पूर्ण होऊन नियमाने निवृत्त व्हावं लागेपर्यंत, ते त्या खुर्चीवर होते. मिनेसोटाच्या त्या कोर्टातले पहिले काळे न्यायाधीश.

पुतळा बसवला त्या १९८८ च्या कार्यक्रमाबद्दलही सांगायला हवं. प्रत्येक जण आपली ओळख करून द्यायला कुणालातरी बोलावतो, बहुतेक करून जुना कोच असतो. पेज यांनी बोलावलं विलरीन बीझली यांना, मिनिअॅपोलिसच्या एका सरकारी हायस्कूलच्या त्या मुख्याध्यापिका. आणि भाषणात स्वतःच्या खेळाबद्दल नाही तर शिक्षणाबद्दल बोलले, व्यावसायिक खेळाडू झालेली, कॉलेजातून आलेली माणसं टीमच्या मीटिंगमध्ये डावपेचांची वही मोठ्याने वाचायला सांगितली तर वाचू शकत नव्हती, हे त्यांनी त्या सोनेरी कोट घातलेल्या हॉल ऑफ फेमवाल्यांच्या समोर सांगितलं. त्याच वर्षी पेज एज्युकेशन फाउंडेशन सुरू केलं. तिथं कॉलेजला जाणाऱ्या मुलांना स्कॉलरशिप मिळते पण अट अशी की त्यांनी वर्षातले निदान पन्नास तास लहान वर्गातल्या मुलांबरोबर बसून त्यांना शिकवायचं. रयत शिक्षण संस्थेच्या शाळेत शिकलेल्या माझ्या बाबांना ही अट लगेच पटली, भाऊरावांचं कमवा आणि शिका त्यांना आठवलं, आणि भडंगाचा डबा बंद करून त्यांनी मला परत पहिल्यापासून सांगायला लावलं, यावेळी नीट लक्ष देऊन.

आता करंगळी. पेज यांची एक करंगळी खेळात इतक्यांदा निखळलीय की ती जवळजवळ काटकोनात बाहेर वळलेली आहे. खोटं वाटेल इतकी. कोर्टात बसायचे तेव्हाही तशीच, लहान मुलं त्यावरूनच प्रश्न विचारायची म्हणून पुढे मुलीबरोबर त्यांनी मुलांसाठी त्या करंगळीवर एक पुस्तकही लिहिलं. पुतळ्यात हात नाही त्यामुळे ती दिसत नाही. पोराने फोनवर त्या करंगळीचा फोटो शोधून आजोबांना दाखवला. बाबांनी चष्मा वर केला, फोन जवळ धरला, आणि मग काही न बोलता आपला डावा हात टेबलावर पालथा ठेवला फोनच्या शेजारी. बाबांचं शेवटचं बोट पहिल्या पेरापासून बाहेर गेलंय, पेज यांच्याइतकं नाही, पण त्याच दिशेने. मी चाळीस वर्षं तो हात बघतेय, त्या हातचा चहा प्यायलेय, माझ्या लग्नात त्या हाताने अक्षता टाकल्यात, आणि कसं मोडलं ते मी कधी विचारलंच नव्हतं. नातवाने विचारलं. शिरोळजवळच्या एका जत्रेत, बाबा सांगत होते, समोरच्याने बोटं धरली, नियमात नसतं ते, आणि हलगी एवढ्या जोरात वाजत होती की मोडल्याचा आवाज मलाच आला नाही. पुढे खेळलास का, पोराने विचारलं. बाबा म्हणाले, खेळलो आणि पडलो. मग पट्टी बांधून दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या परीक्षेला बसलो, उजवा हात नव्हता ना मोडला.

या एवढ्यासाठी मी पाच स्टार देतेय. तिकिटाचे पैसे वसूल वगैरे शब्द मला इथं वापरावेसे वाटत नाहीत.

जाणाऱ्यांसाठी बाकीचं पटापट. सकाळी उघडतानाच जा, पुतळ्यांचं दालन रिकामं असताना बघण्यात आणि गर्दीत बघण्यात फार फरक आहे. जुलैच्या शेवटापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत नवीन लोकांचा सोहळा असतो, त्या दिवसांत गाव फुलून जातं, कार्यक्रमच बघायचा असेल तर जा, नाहीतर टाळा. वयस्कर लोकांना चालणं बरंच आहे पण चढण सौम्य आहे, बाबा पंच्याहत्तरीचे आहेत आणि त्यांना काही त्रास झाला नाही. सुपर बोलचा मोठ्या पडद्यावरचा शो आहे तो लहान मुलांना आवाजामुळे जड जाऊ शकतो. ज्यांना खेळाचा अजिबात गंध नाही त्यांनी आदल्या रात्री एक तरी मॅच अर्धी का होईना बघून जा.

जर्सीबद्दल एक, हे म्युझियमशी संबंधित नाही पण कुणीतरी फसायला नको म्हणून. पोराला वायकिंग्जची ८८ नंबरची जांभळी जर्सी हवी होती, वाढदिवसाला मी ऑनलाइन एका विक्रेत्याकडून मागवली, फोटोत आकडे शिवलेले दिसत होते, आली ती चिकटवलेली. पहिल्याच धुण्यात एक आठ अर्धा सोलला. परत घ्यायला तयार नाहीत, मेल केले, फोन केले, प्रत्येक वेळी नवीन माणूस नवीन कारण सांगतो. तर घेताना वर्णनात आकडे टाके घालून शिवलेत असं स्पष्ट लिहिलंय का ते बघा, फोटोवर जाऊ नका, आणि आतल्या बाजूचा फोटो मागून घ्या, आत दोऱ्याची ओळ दिसली पाहिजे. आमची जर्सी शेवटी बाबांनीच अंगणात बसून सुईदोऱ्याने शिवली, जाड पांढरा दोरा, जवळून बघितलं तर टाके वाकडे आहेत. कॅन्टनला पोरगा तीच घालून गेला होता, आणि आता नवीन घेऊया म्हटलं तर नको म्हणतो.

परतीच्या रस्त्यावर त्याने विचारलं की कोलंबसला आपल्याकडचं सुप्रीम कोर्ट आहे ना, ते आत जाऊन बघता येतं का. येतं, सुनावणी चालू असताना सामान्य लोकांना बसता येतं. मी जीभ चावून गप्प बसले, फार उत्साह दाखवला की या वयातली मुलं माघार घेतात, एवढं आता कळायला लागलंय. डिसेंबरच्या सुट्टीआधीची तारीख बघून ठेवलीय.

बाबा सप्टेंबरात परत गेले. जाताना त्यांनी दुकानातून एकच गोष्ट प्रिंट करून मागितली, त्या करंगळीचा फोटो, मोठ्या साइजमध्ये. ती आता कोल्हापुरात त्यांच्या तालमीत आरशाच्या बाजूला लावलीय, वस्तादांनी विचारलं हे कोण म्हणून तर बाबांनी सांगितलं, आपलाच माणूस हाय, जज्ज झाला.